घोडीच्या कुशीतली साखर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



माण तालुक्यातल्या एका शेळीपालकानं मला एकदा एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही. आजचं बोलणं म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

त्याच्या पंधरा उस्मानाबादी शेळ्या एकाच वेळी माजावर आणायच्या होत्या. म्हणजे त्या एकदम व्यायल्या असत्या, करडं एका वयाची झाली असती आणि बकरी ईदच्या बाजाराला एकत्र नेता आली असती. पद्धत ठरलेली आहे. हार्मोन लावलेला स्पंज अकरा दिवस योनिमार्गात ठेवायचा, मग काढायचा आणि काढताना एक इंजेक्शन द्यायचं. मी इंजेक्शनं देत होतो आणि त्याची नववीतली मुलगी बाटलीसोबतचा कागद वाचत बसली होती. ती म्हणाली, “आबा, हे घोडीचं आहे.” तो माझ्याकडे वळला. “डॉक्टरसाहेब, घोडीचं काय घालताय शेळीत?” मी म्हटलं, “हार्मोन असतं. शेळीला काही होत नाही.” तो म्हणाला, “शेळीचं नाही इचारलं. घोडीचं इचारलं. तिच्यातनं काढत्यात कसं?”

मी तोपर्यंत वीस वर्षं ते इंजेक्शन देत आलो होतो. गाभण घोडीच्या रक्तातून काढतात, एवढं पुस्तकात वाचलेलं होतं. पण कुठल्या घोडीच्या, किती रक्तातून, आणि मुळात रक्तातूनच का, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. नंतर मी शोधायला लागलो तेव्हा धागा जाऊन पोचला तो साखरेपाशी.

साखर म्हटलं की आपल्याला चहा आठवतो, नाहीतर मधुमेह. पण शरीरात साखरेचं आणखी एक काम आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर आणि अनेक प्रथिनांवर निरनिराळ्या साखरांच्या छोट्या साखळ्या चिकटलेल्या असतात, झाडाच्या खोडाला फांद्या असाव्यात तशा. अशा प्रथिनाला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. या फांद्यांच्या टोकाला कोणती साखर आहे, यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. तुमचा रक्तगट ए की बी, हे लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे यावर ठरतं. ओ गटात टोकाची ती साखर नसतेच. एका साखरेचा फरक, पण चुकीचं रक्त चढवलं तर माणूस दगावतो.

ही साखर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची कशी? इथे आपल्या ओळखीचा पाहुणा येतो. हुलगा, म्हणजेच कुळीथ. घोड्याला हुलग्याचा खुराक देण्याची पद्धत जुनी आहे. इंग्रजीत त्याला घोड्याचं कडधान्यच म्हणतात. या हुलग्यात एक प्रथिन असतं, ते ए गटातली ती टोकाची साखर नेमकी ओळखतं आणि धरून ठेवतं. १९५१ मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’ या आपल्याकडच्या नियतकालिकात हुलग्याच्या अर्काचा हा गुण प्रसिद्ध केला. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. शेंगदाण्यात एक असतं, ते गॅलॅक्टोज धरतं. गव्हाच्या अंकुरात वेगळं असतं, सोयाबीनमध्ये वेगळं. त्यांना रंग जोडायचा, ऊतींच्या पातळ कापावर सोडायचं आणि धुऊन टाकायचं. जिथे रंग उरला तिथे ती साखर. घोडीच्या बीजवाहिनीचे, गर्भाशयाचे असे नकाशे शास्त्रज्ञांनी काढलेले आहेत, आणि माजाच्या वेळी आणि माज नसताना ते सारखे नसतात. जी घोडी हुलगे खाते, तिच्याच गर्भाशयाचा नकाशा हुलग्यानं निघतो, याची मला गंमत वाटते.

या साखरेला घोडीच्या प्रजननात काम काय? पहिलं काम शुक्रजंतूंना थांबवण्याचं. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज सुटतं ते माजाच्या अगदी शेवटाला. नर आधी लागला असेल तर शुक्रजंतूंना वाट पाहायला लागते. ते बीजवाहिनीच्या आतल्या पेशींना चिकटून थांबतात आणि बरेच दिवस जिवंत राहतात. हे चिकटणं साखरेवर चालतं. प्रयोगांत असं दिसतं की गाईमध्ये त्यासाठी फ्यूकोज महत्त्वाचं, डुकरिणीत मॅनोज आणि घोडीत गॅलॅक्टोज. म्हणजे कुलूप सगळ्यांकडे आहे, किल्ल्या मात्र ज्याच्या त्याच्या.

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. फलन झालेलं बीज साधारण सहाव्या दिवशी गर्भाशयात उतरतं. (फलन न झालेली बीजं घोडीच्या बीजवाहिनीतच अडकून राहतात, महिनोन् महिने. जिवंत गर्भ स्वतः रासायनिक इशारा देतो तेव्हाच वाट मोकळी होते. गाईत असं काही नाही.) गर्भाशयात आल्यावर या इवल्याशा गोळ्याभोवती एक पारदर्शक, चिवट कवच तयार होतं. गाईच्या, मेंढीच्या, डुकराच्या गर्भाला असं कवच नसतं. हे कवच ग्लायकोप्रोटीनचं, आपल्या शेंबडात आणि लाळेत जो बुळबुळीत पदार्थ असतो त्याच्या जातकुळीचं, आणि सियालिक आम्ल नावाच्या साखरेनं भरलेलं असतं. ही साखर ऋणभारित असते. ती टोकाला असली की पृष्ठभाग सहसा चिकटत नाही, निसरडा राहतो.

आणि त्याला निसरडं राहणं भागच आहे, कारण पुढचे दहा दिवस हा गर्भ एका जागी बसत नाही. गर्भाशयाच्या एका शिंगातून दुसऱ्या शिंगात, परत मधल्या भागात, दिवसातून कित्येक फेऱ्या. १९८० च्या दशकात अमेरिकेत ओ. जे. गिंथर यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर हे फिरणं मोजलं, तोवर कुणाला त्याची कल्पना नव्हती. गर्भ असा हिंडून सगळ्या गर्भाशयाला जणू सांगत असतो की मी आहे, पुन्हा माजावर येऊ नकोस. नेमकं कोणत्या रेणूनं सांगतो, ते अजून कुणालाही सापडलेलं नाही. पण हिंडू दिलं नाही तर गर्भ टिकत नाही, आणि कवच काढून गर्भ दुसऱ्या घोडीत ठेवले तेव्हा ते रुजले नाहीत. सोळाव्या दिवसाच्या सुमारास कवचातलं सियालिक आम्ल कमी होतं आणि त्याच सुमारास गर्भ एका शिंगाच्या तळाशी थांबतो. मग थांबला तो थांबला.

ही माहिती नुसती पुस्तकी नाही. घोडीला जुळी झेपत नाहीत. दोन गर्भ राहिले तर बहुतेक वेळा दोन्ही जातात, आणि कधी कधी शेवटच्या महिन्यांत जातात, तेव्हा घोडीच्याही जिवावर बेततं. पडद्यावर दोन काळे गोल दिसले की डॉक्टरला एक हातानं चेपून टाकावा लागतो. हे काम सोळाव्या दिवसाआधी, दोघे सुटे फिरत असतानाच सोपं असतं. चौदाव्या दिवशी तो गोल जेमतेम दीड सेंटीमीटरचा असतो, छोट्या बोराएवढा. हात आत, नजर पडद्यावर, आणि गोल बोटांखालून सटकतो. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा कवच फुटल्याचं बोटांना स्पष्ट कळलं होतं. घोडीचा मालक शेजारी उभा होता. त्याला आनंद झाला की आता एक तरी शिंगरू नीट होईल. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एवढंच.

आता बाटलीकडे येऊ.

साधारण छत्तीस ते अडतीस दिवसांनी गर्भाच्या वेष्टणावरच्या एका पट्ट्यातल्या पेशी सुट्या होतात आणि आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात. तिथे त्या वाटीसारखे उंचवटे तयार करतात. त्यांना एन्डोमेट्रियल कप्स म्हणतात. बरीच वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की या वाट्या आईच्याच. १९७३ च्या सुमारास इंग्लंडमधले डब्ल्यू. आर. ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या पेशी गर्भाच्या आहेत. त्याचा एक पुरावा आपल्याकडचा खेचरं निपजवणारा माणूसही समजू शकेल: घोडीला गाढव लावलं तर याच वाट्यांतून येणारं हार्मोन फारच कमी निघतं. घोडी तीच, पण बाप बदलला की उत्पादन बदललं. आईचं शरीर या परक्या पेशी ओळखतं. पांढऱ्या पेशी भोवती गोळा होतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास वाट्यांचा निकाल लावतात. तोपर्यंत, म्हणजे साधारण चाळीस ते एकशेवीस दिवस, त्या हार्मोन बनवत असतात.

हे हार्मोन १९३० मध्ये कॅलिफोर्नियात हॅरल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांना सापडलं. गाभण घोड्यांचं रक्तद्रव त्यांनी वयात न आलेल्या उंदरिणींना टोचलं, तर त्यांची बीजांडं फुगली. त्याला पीएमएसजी म्हणू लागले, गाभण घोडीच्या रक्तद्रवातलं म्हणून. हल्ली ईसीजी म्हणतात. हृदयाची पट्टी काढतात तो ईसीजी नव्हे! गोंधळ नको म्हणून आपण जुनंच नाव वापरू.

या पीएमएसजीचं जवळपास ४५ टक्के वजन साखरेचं असतं. प्राण्यांच्या या घराण्यातल्या हार्मोन्समध्ये इतकी साखर कशातच नाही. ही साखर काय करते, ते एका तुलनेतून फार छान दिसतं. घोडीच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन येतं, बीज सोडणारं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असं सिद्ध झालं की घोडीत एलएच आणि पीएमएसजी यांचं प्रथिन एकच आहे. जनुक एक, अमिनो आम्लांचा क्रम एक. फरक फक्त साखरेचा. पिट्युटरीतल्या साखळ्यांच्या टोकाला गंधक असलेली एक साखर असते. गर्भाशयातल्या वाट्यांत बनलेल्याच्या टोकाला सियालिक आम्ल. बाकी सगळं सारखं.

आणि एवढ्या फरकानं आयुष्य बदलतं. आपल्या यकृतात टोकं तपासणारे पहारेकरी असतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गिल्बर्ट ॲशवेल आणि ॲनाटोल मॉरेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी रक्तातल्या एका प्रथिनावरचं सियालिक आम्ल कापून ते सशांना टोचलं. एरवी दिवसेंदिवस रक्तात राहणारं प्रथिन काही मिनिटांत नाहीसं झालं. ते यकृतात सापडलं. सियालिक आम्ल ही टोपी. टोपी गेली की खालचं गॅलॅक्टोज उघडं पडतं आणि यकृत ते उचलतं. गंधकाची टोकंही यकृत ओळखतं, त्यामुळे एलएच लवकर निकालात निघतं. टोपी घातलेलं पीएमएसजी मात्र फिरत राहतं. घोडीच्या रक्तात ते निम्मं व्हायला सुमारे सहा दिवस लागतात. गाईला टोचलं तर तिच्यात दहा दिवसांपर्यंत त्याचा अंमल राहू शकतो.

पशुवैद्याला हे किती सोयीचं आहे, बघा. दुसरं एक हार्मोन आहे, एफएसएच. गाईकडून एकाच वेळी पुष्कळ बीजं मिळवायची असतील तर ते वापरतात. ते लवकर संपतं, म्हणून दिवसातून दोनदा, चार दिवस टोचावं लागतं. आठ इंजेक्शनं. माण तालुक्यात एका शेळीला आठ वेळा टोचायला कोण जाणार, आणि कोण पैसे देणार? पीएमएसजी एकदा दिलं की काम झालं. सोय आहे ती साखरेमुळे.

आणि घोडीची गैरसोयही त्याच साखरेमुळे! बाईच्या गर्भारपणातलं असंच हार्मोन लघवीतून बाहेर पडतं. घरच्या घरी गरोदरपणाची चाचणी होते ती त्यामुळेच, आणि औषधासाठीही ते लघवीतून गोळा करता येतं. कुणाला सुई लावावी लागत नाही. पीएमएसजी साखरेनं इतकं अवजड आणि ऋणभारित झालेलं असतं की घोडीचं मूत्रपिंड ते गाळून बाहेर टाकत नाही. ते रक्तातच राहतं. मिळवायचं तर रक्तच काढावं लागतं.

हे रक्त मुख्यतः आइसलंड, अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत काढलं जातं. आइसलंडमध्ये उन्हाळ्याच्या शेवटापासून, आठवड्यातून एकदा, एका वेळी पाच लिटरपर्यंत, एका हंगामात जास्तीत जास्त आठ वेळा. तिथली घोडी लहान चणीची, साडेतीनशे-चारशे किलोची. तिच्या अंगात साधारण पंचवीस ते तीस लिटर रक्त. हिशेब तुम्हीच करा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका प्राणी-कल्याण संस्थेनं तिथली चित्रफीत प्रसिद्ध केली. अर्धवट रानटी वाढलेल्या घोड्या अरुंद खोड्यांत धडपडताना, त्यांना मारलं जाताना त्यात दिसत होतं. तेव्हा तिथे अशा सुमारे पाच हजार घोड्या होत्या. २०२२ मध्ये आइसलंडनं त्यासाठी वेगळी नियमावली केली. दक्षिण अमेरिकेबद्दलचे आरोप त्याआधी, २०१५ मध्येच झाले होते आणि ते जास्त गंभीर होते: रक्ताचा हंगाम संपला की गर्भ पाडायचा, म्हणजे घोडी पुन्हा लवकर भरवता येते. युरोपीय संसदेनं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हे उत्पादन आणि त्याची आयात थांबवावी असा ठराव केला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आइसलंडमधले कित्येक शेतकरी म्हणतात की घोड्या वर्षभर मोकळ्या कुरणात असतात, आणि या उत्पन्नावर त्यांची शेती तगून आहे. सगळीकडे मारहाण होते असं मी म्हणणार नाही. मी तिथे गेलेलो नाही. पण दर आठवड्याला पाच लिटर, या आकड्यालाच माझी हरकत आहे. कुठल्याही घोडीचं इतकं रक्त दर आठवड्याला काढायला मला सांगितलं तर मी सही करणार नाही.

तुम्ही म्हणाल, इन्सुलिन आता जिवाणूंकडून बनवून घेतात, तसं हे का नाही बनवत? प्रथिन बनवणं अवघड नाहीच. अडतं ते साखरेवर. २००० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या संशोधकांनी कीटकांच्या पेशींकडून हे हार्मोन बनवून घेतलं. काचेच्या बशीत ते उत्तम चाललं, जिवंत प्राण्यात मात्र त्याचा उपयोग झाला नाही, कारण कीटकांच्या पेशींना सियालिक आम्लाची टोपी नीट चढवता येत नाही. यकृतानं आपलं काम केलं. पुढे सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरून हे जमायला लागलं. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी असं हार्मोन तयार करून गाईंवरच्या त्याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या आहेत. ज्या देशात रक्त काढतात तिथूनच पर्याय येतो आहे, याचं मला बरं वाटलं.

आपल्याकडे घोडीचं हे हार्मोन आणखी एका चांगल्या कामाला येतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं घोडी गाभण आहे की नाही हे त्यावरून सांगणारी रक्तचाचणी विकसित केली. थेंबभर रक्तात भागतं. फक्त एक इशारा. वाट्या तयार झाल्यावर गर्भ गेला, तरी वाट्या काही काळ हार्मोन बनवत राहतात. चाचणी होकार देते आणि गर्भाशय रिकामं असतं. सारंगखेड्याच्या बाजारात गाभण म्हणून घोडी घेत असाल तर एकट्या चाचणीवर पैसे मोजू नका, सोनोग्राफीही करून घ्या.

त्या शेळीपालकाकडे मी पुन्हा गेलो तो पुढच्या वर्षी. त्याला हे सगळं सांगितलं. साखरेचं थोडक्यात, घोडीचं सविस्तर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दुसरं काय करता येतंय?” मी सांगितलं, उन्हाळ्याचा हट्ट सोडायचा. पाऊस पडून हिरवा चारा आला की उस्मानाबादी शेळ्या आपोआप माजावर येतात. तीन आठवडे आधीपासून थोडी मक्याची भरड द्यायची, बोकड महिनाभर लांब, वासही येणार नाही असा बांधायचा आणि मग कळपात सोडायचा. फारच घाई असेल तर प्रोस्टाग्लँडिनची दोन इंजेक्शनं अकरा दिवसांच्या अंतरानं देता येतात. ते कारखान्यात बनतं, घोडीशी त्याचा संबंध नाही. शेळी आधीच गाभण नाही ना, एवढं मात्र नीट पाहावं लागतं, नाहीतर गर्भ पडतो.

मी पीएमएसजी पूर्ण सोडलं आहे, असं सांगितलं तर ते खोटं होईल. एखादी कालवड किंवा पारडी वय होऊनही माजावर येत नाही, घरात दुसरी दुभती नाही, बाकीचे उपाय करून झालेत, अशा वेळी मी अजूनही बाटली उघडतो. पण पूर्वी महिन्याला डझनावारी लागायच्या, आता वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.

त्यानं बोकडाची वाट धरली. पंधरापैकी तेरा शेळ्या गाभण राहिल्या. पण त्या एकदम नाही, पंधरवडाभर मागेपुढे व्यायल्या. मी गेलो तेव्हा तो डोळे चोळत गोठ्यातून बाहेर आला. म्हणाला, “तुमच्या घोडीपायी पंधरा रात्री जागतोय, डॉक्टरसाहेब. चहा घ्या.”